रोप मान का टाकते?

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मुरुड, श्रीवर्धन, अलिबाग या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आंबा, फणस, सुरू आणि डोंगरउतारावरची रानटी झाडेही गेली. पंचनामे उरकले, पडलेली खोडे तोडून वाटा मोकळ्या झाल्या आणि मग सगळीकडून एकच मागणी सुरू झाली: रोपे द्या. पोफळीचे रोप वाडीत लावण्याजोगे व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते आणि लावल्यावर पहिली सुपारी दिसायला आणखी पाच ते आठ वर्षे जातात. ऐन, किंजळ, जांभूळ अशा वनवृक्षांना तर त्याहून मोठा काळ द्यावा लागतो. इतक्या लांबच्या प्रवासाला निघालेले रोप पहिल्या महिन्यातच गेले, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

आणि रोपे जातात. वनविभागाची रोपवाटिका असो, सामाजिक वनीकरणाची असो की बचत गटाने अंगणात लावलेल्या हजार पिशव्या असोत, पावसाळा सुरू झाला की एक दृश्य हमखास दिसते. काल ताठ उभे असलेले कोवळे रोप आज मातीच्या पातळीशी वाकून पडलेले असते. पाने अजून हिरवी, शेंडा ताजा, पण मातीला टेकलेला खोडाचा भाग पाणचट, तपकिरी, दोऱ्यासारखा बारीक झालेला. दुसऱ्या दिवशी शेजारची चार रोपे, आठवड्याने वाफ्यात टक्कल पडल्यासारखा गोल पट्टा. कुणी म्हणते पाणी कमी पडले, कुणी म्हणते ऊन लागले, कुणी बियाणे वाईट होते असे ठरवते. पुष्कळदा कारण मातीत असते. रोपे कोलमडण्याचा हा रोग रोपवाटिकांइतकाच जुना आहे आणि तो समजून घेतला तर बराचसा टाळता येतो.

मातीत कोण राहते?

या रोगामागे एकच जंतू नाही. किमान पाच-सहा वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांची ही करणी असते आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

पहिला पिथियम. दिसायला बुरशी, पण कुळाने बुरशी नाही. त्याच्या पेशीभित्तींत सेल्युलोज असते आणि वंशावळीत तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळचा ठरतो. ओल्या मातीत त्याचे बीजाणू दोन शेपट्यांच्या साहाय्याने अक्षरशः पोहतात. त्याचा भाऊबंद म्हणजे फायटोप्थोरा. मुरुड-श्रीवर्धनच्या बागायतदाराला त्याची ओळख करून द्यायला नको. पोफळीच्या घोसांवरच्या ज्या कोळे रोगासाठी पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारतात, तो याच प्रजातीतल्या जीवांमुळे होतो. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नासवून दुष्काळ आणणारा जीवही याच घराण्यातला.

दुसरा रायझोक्टोनिया. ही खरी बुरशी. मातीत ती बीजाणू फारसे करतच नाही, नुसत्या तपकिरी धाग्यांनी एका रोपावरून दुसऱ्या रोपावर सरकत जाते. हिला चिखल लागत नाही. उबदार हवा, मध्यम ओल आणि दाटीवाटीने उगवलेली रोपे एवढे पुरते. तिसरी फ्युजेरियम. ही मुळातून आत शिरते आणि अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्यांत वस्ती करते, म्हणून रोप कोलमडत नाही, तर उभ्या उभ्या पिवळे पडून सुकते. चौथी स्क्लेरोशियम. रोपाच्या बुडाशी पांढऱ्या रेशमी धाग्यांचा पंखा आणि त्यावर मोहरीच्या दाण्यांसारखे गोल तपकिरी दाणे दिसले की ती हीच. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात पीटर हेन्री रॉल्फ्स यांनी टोमॅटोवर ती पाहिली आणि त्यांचेच नाव पुढे तिला मिळाले. पाचवी मॅक्रोफोमिना. हिला पावसाळा नको, वैशाखातली तापलेली, कोरडी माती हवी. पाण्याचा ताण पडलेल्या रोपाची मुळे ती कोळशाच्या पुडीसारखी काळी करून टाकते.

यांतले बहुतेक जीव आपल्या मातीत कायमचे राहणारे आहेत. यजमान नसेल तेव्हा ते जाड कवचाचे बीजाणू किंवा कठीण गाठी करून वर्षानुवर्षे पडून राहतात. म्हणून रोपवाटिकेत रोग शिरला कसा, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो तिथे उठला का, हा.

पाणी, हवा आणि मुरुडचा पाऊस

मुरुडला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एवढ्या पावसात डोंगरउतारावरचे झाड तगते, कारण पाणी वाहून जाते. पिशवीतल्या रोपाला ती सोय नाही. पिशवीला भोके पाडली म्हणजे पाणी निघून जाईल, ही समजूत अर्धीच खरी आहे. बारीक मातीने भरलेल्या कुठल्याही उथळ भांड्यात, खाली भोक असले तरी, तळाचा थर भिजलेलाच राहतो. मातीचे बारीक कण पाणी धरून ठेवतात आणि वरून पुरेसे वजन पडल्याशिवाय ते खाली सुटत नाही. पिशवी जितकी आखूड आणि माती जितकी चिकट, तितका हा ओला थर रोपाच्या मुळांना जवळ.

पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू पोचत नाही. हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळे गुदमरली की त्यांतून साखर, अमिनो आम्ले आणि थोडे अल्कोहोल बाहेर झिरपू लागते. पिथियम आणि फायटोप्थोराच्या पोहणाऱ्या बीजाणूंना नेमका त्याच झिरपण्याचा माग लागतो. म्हणजे साचलेले पाणी एकाच वेळी रोपाला दुबळे करते, शत्रूला वाट करून देते आणि रोपाचा ठावठिकाणाही सांगते.

यात वेळेचा भाग मोठा आहे. बी रुजल्यापासून पहिले काही आठवडे खोड कोवळे, रसरशीत असते. पेशीभित्तींत लाकूडपणा आणणारे लिग्निन पुरेसे साठले की कोलमडण्याचा धोका झपाट्याने उतरतो. त्यामुळे रोपवाटिकेतली खरी शर्यत म्हणजे रोप लवकर टणक होते की बुरशी लवकर पोचते, ही. बी खोल पेरले, सावली जास्त केली, युरिया जास्त दिला, दाट पेरले, की खोड कोवळे राहण्याचा काळ लांबतो आणि शर्यत आपण स्वतःच्या हाताने हरतो.

सुरूचे रोप

मुरुड आणि काशीदच्या पुळणीवरची सुरूची बने पाहिली की हे झाड इथलेच वाटते. प्रत्यक्षात ते मूळचे आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांचे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर कारवारला त्याची लागवड १८६८ च्या सुमारास सुरू झाली. खारा वारा अडवायला, वाळू धरून ठेवायला ते उपयोगी पडते, म्हणून किनाऱ्यालगतच्या रोपवाटिकांत सुरू असतेच. कोलमडण्याचा रोग समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही.

सुरूचे बी अगदी बारीक. एका किलोत काही लाख बिया येतात. इतके बारीक बी पिशवीत एकेक टोकता येत नाही. ते गादीवाफ्यावर शिंपडून पेरतात, वर वाळूचा पातळ थर देतात आणि चार-सहा आठवड्यांनी रोपे उचलून पिशव्यांत लावतात. म्हणजे सर्वांत नाजूक काळ ती सर्वांत दाटीत काढतात. वाफ्यावर रायझोक्टोनियाचा एक धागा पोचला की त्याला रोपांमधले अंतर कापावेच लागत नाही. मुंग्या बी पळवतात म्हणून माणसे जास्त बी शिंपतात, त्याने दाटी वाढते, आणि दाटीने रोग वाढतो.

सुरूत आणखी एक पेच आहे. या झाडाच्या मुळांवर फ्रँकिया नावाच्या जीवाणूच्या गाठी असतात आणि त्या हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. नव्या रोपांना या गाठी मिळाव्यात म्हणून जुन्या सुरूखालची माती वाफ्यात मिसळण्याचा सोपा मार्ग वापरला जातो. पण त्या मातीबरोबर मूळकुजीच्या बुरशाही येऊ शकतात. त्यावर उतारा असा की सरसकट टोपलीभर माती आणण्यापेक्षा निरोगी झाडाच्या मुळांवरच्या गाठी काढाव्यात, स्वच्छ धुवाव्यात, ठेचून पाण्यात कालवाव्यात आणि ते पाणी रोपांना द्यावे. उपकारक जीव येतो आणि मातीतले बरेचसे नको ते मागे राहते.

राबापासून पारदर्शक प्लास्टिकपर्यंत

कोकणातल्या शेतकऱ्याने रोपाच्या जागेची माती तापवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. भाताच्या रोपासाठी राखलेल्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर बारीक माती टाकायची आणि उन्हाळ्यात ते भाजायचे, हा राब. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाणे-कुलाब्यात राबासाठी टहाळ तोडण्यावर जंगलखात्याने निर्बंध आणले तेव्हा असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. ब्रिटिश कृषिरसायनतज्ज्ञ जॉन व्होएल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. राबाच्या उष्णतेने वरच्या थरातले तणाचे बी मरते, रोगकारक जीव कमी होतात आणि राखेतून पालाश मिळतो. जंगलाचा पाला मात्र त्यात मोठ्या प्रमाणावर जातो.

उष्णतेचे तेच काम झाडाची एकही फांदी न तोडता सूर्याकडून करून घेता येते. १९७६ मध्ये इस्राएलमधले शास्त्रज्ञ याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून उन्हाळ्यात तिचे तापमान इतके वाढवून दाखवले की अनेक रोगकारक बुरशा त्यात मेल्या किंवा दुबळ्या झाल्या. एप्रिल-मेमध्ये रिकामा वाफा खणून, भुसभुशीत करून, चांगला भिजवून त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. प्लास्टिक काळे नको. काळा कागद ऊन स्वतःच शोषतो, पारदर्शक कागद ते मातीपर्यंत जाऊ देतो. माती कोरडीही नको, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि झोपी गेलेले बीजाणू जागे होऊन उष्णतेत सापडतात. पिशव्या भरण्यासाठी लागणारी माती फूटभर उंचीच्या ढिगात याच रीतीने तापवता येते, ढीग मधूनमधून उलटावा लागतो इतकेच. पावसाळ्यापूर्वी हे उरकायचे तर रामनवमीच्या सुमारास सुरुवात करायला हवी.

मातीतलेच मित्र

माती तापवली की ती काही काळ रिकामी होते आणि रिकाम्या जागेत जो पहिला येईल तो पसरतो. म्हणून तापवल्यावर लगेच चांगल्या जीवांची पेरणी करायची. त्यांत सर्वांत परिचित ट्रायकोडर्मा. १९३२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड वाइंडलिंग यांनी दाखवून दिले की ही हिरवी बुरशी रायझोक्टोनियाच्या धाग्यांना वेढे घालून त्यांना खाते. ती शत्रूचे अन्न आधी संपवते, त्याची पेशीभित्ती विरघळवणारी विकरे सोडते आणि रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते.

तिचा उपयोग मात्र वेळेवर केला तरच. एक किलो ट्रायकोडर्माची भुकटी शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायची, ओलसर ठेवायची, सावलीत गोणपाटाने झाकायची आणि दहा-पंधरा दिवस वाढू द्यायची. मग ते खत पिशवीच्या मातीत कालवायचे. बियाण्याला किलोला चार-पाच ग्रॅम चोळले तर कोंब फुटतो तेव्हा रक्षक त्याच्या अंगावरच असतो. शेणखत कच्चे असेल तर हा सगळा खटाटोप वाया जातो. कच्च्या शेणात वाळवी येते, हुमणी येते, आणि त्याच्या कुजण्याच्या उष्णतेने मुळेही पोळतात.

बुरशांची ओळख पटवून त्या जपून ठेवण्याचे मोठे काम महाराष्ट्रातच होते. मालवणला जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी पुण्यात १९४६ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेत, आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथल्या बुरशी-नमुन्यांच्या संग्रहाला बुरशीतज्ज्ञ आजरेकर यांचे नाव आहे. वनरोपांच्या रोगांवर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत बी. के. बक्षी यांनी आयुष्य वेचले. आपल्यासारखीच ओली, उबदार हवा असलेल्या केरळात तिथल्या वन संशोधन संस्थेने रोपवाटिका आणि लागवडींतल्या रोगांची पाहणी करून १९८५ मध्ये अहवाल काढला. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे आणि श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. रोपवाटिका चालवणाऱ्याला विचारायला दारे आहेत.

औषध चुकते कुठे

रोप पडायला लागले की माणूस औषधाच्या दुकानाकडे धावतो आणि बहुतेकदा कार्बेन्डाझिम घेऊन येतो. ते रायझोक्टोनिया आणि काही फ्युजेरियमवर चालते. पिथियम आणि फायटोप्थोरावर त्याचा काही उपयोग होत नाही, कारण ते मुळात बुरशीच्या कुळातले नाहीत. उलट मेटॅलॅक्सिल पिथियम-फायटोप्थोरावर चालते आणि रायझोक्टोनियाला त्याने काही होत नाही. म्हणून औषधाआधी निदान.

निदानाला प्रयोगशाळाच हवी असे नाही. नुकतेच आजारी पडलेले रोप मातीसकट अलगद काढा आणि मुळे पाण्यात धुवा. मूळ चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोजा काढावा तशी सुटून आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर पिथियम किंवा फायटोप्थोराचा संशय घ्या. मातीच्या पातळीशी कोरडा, तपकिरी, खोलगट डाग असेल तर रायझोक्टोनिया. खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या तर फ्युजेरियम. पांढरा पंखा आणि मोहरीसारखे दाणे म्हणजे स्क्लेरोशियम. शंका राहिली तर रोपाचा तुकडा ओल्या कागदावर झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी कापसासारखी वाढ दिसते की तपकिरी जाळे, ते पाहा. तांबेयुक्त औषधांची, म्हणजे बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी रोग पसरण्याआधी उपयोगी पडते, पण कोलमडलेले रोप कोणत्याच औषधाने उठत नाही. त्याला भोवतालच्या मातीसकट उचलून रोपवाटिकेबाहेर नेणे हाच उपाय. आणि ट्रायकोडर्मा दिले असेल तर त्यावर लगेच बुरशीनाशक ओतू नये, नाहीतर आपणच आणलेला रक्षक आपणच मारतो.

खरा बचाव मात्र रोजच्या कामात आहे. गादीवाफा जमिनीपासून वीतभर तरी उंच. पिशव्या सरळ मातीवर न ठेवता खडीच्या थरावर, म्हणजे पाणी खाली जाईल आणि मुळे जमिनीत घुसणार नाहीत. माती चिकट असेल तर नदीची धुतलेली वाळू, पुळणीवरची खारी वाळू नव्हे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, त्याहून जास्त नाही. पाणी सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत खोडाची ओल सुकेल. रोपे वाढली की पिशव्यांत अंतर. मेलेल्या रोपाची पिशवी पुन्हा भरायची नाही. कुदळ, झारी, हात धुऊनच पुढच्या वाफ्याकडे जायचे.

रोपाबरोबर जंगलात

हा विषय रोपवाटिकेच्या कुंपणाबाहेरही जातो. मुरुडजवळचे फणसाड हे एके काळचे जंजिऱ्याच्या नवाबांचे राखीव शिकारक्षेत्र १९८६ मध्ये अभयारण्य झाले. त्या जंगलात शेकरू आहे, गारंबीचे राक्षसी वेल आहेत, अंजनी, जांभूळ, ऐन आहेत. अशा जंगलाच्या कडेला आपण जे रोप लावतो, त्याच्याबरोबर त्याच्या पिशवीतली मातीही लावतो.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात जाराह नावाच्या निलगिरी कुळातल्या झाडांची जंगले कित्येक वर्षे का वाळत होती, हे १९६० च्या दशकाच्या मध्यात फ्रँक पॉजर यांनी शोधून काढले. कारण होते फायटोप्थोरा सिनॅमोमी, आणि ते चाकांना, अवजारांना चिकटलेल्या मातीतून पसरत होते. कॅलिफोर्नियातले ओक १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अचानक मरू लागले. त्यामागचा फायटोप्थोरा शोभेच्या रोपांच्या रोपवाटिकांतही सापडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २३ युरोपीय देशांतल्या ७३२ रोपवाटिका तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या ९१.५ टक्के रोपवाटिकांत फायटोप्थोराच्या जाती आढळल्या. त्यांतली पुष्कळ रोपे वरून निरोगी दिसत होती. औषधाने रोग दबलेला होता, गेलेला नव्हता.

महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ५० कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य होते. पहिल्या वर्षी ४ कोटी, दुसऱ्या वर्षी १३ कोटी, तिसऱ्या वर्षी ३३ कोटी. असे आकडे समोर असताना रोपवाटिकेवर संख्येचा ताण येतो आणि मुळे बघायला कुणाला उसंत राहत नाही. पण लावलेली किती झाडे तिसऱ्या पावसाळ्यात उभी असतील, याचे उत्तर पुष्कळसे पिशवीतच ठरलेले असते. कुजक्या मुळाचे रोप श्रावणात हिरवे दिसते आणि चैत्रात वाळते. तेव्हा दोष उन्हाला दिला जातो.

म्हणून रोपे घेणाऱ्यानेही आपला वाटा उचलावा. वाडीसाठी असो, शाळेच्या आवारासाठी असो की ग्रामपंचायतीच्या लागवडीसाठी, रोपे गाडीत चढवण्यापूर्वी ढिगातल्या काही पिशव्या निवडाव्यात, एका हाताने रोप धरून पिशवी हलकेच काढावी आणि मुळे पाहावीत. टोके पांढरी, माती धरून ठेवणारी, ताज्या मातीचा वास असलेली मुळे म्हणजे रोप चांगले. मुळे तपकिरी, साल सुटणारी, कुजका वास असलेली दिसली तर ती रोपे नाकारावीत आणि कारण सांगून नाकारावीत. घेणारे मुळे पाहून रोपे घेऊ लागले, की रोपवाटिकाही रोपांच्या संख्येबरोबर पाण्याचा निचरा, पिशवीतली माती आणि मुळे यांची काळजी घेऊ लागतील. निसर्ग वादळाने रिकाम्या केलेल्या जागा भरायच्या आहेत, तर त्या जगणाऱ्या रोपांनीच भरायला हव्यात.